बहुविध बुद्धिमत्ता

मानवी बुद्धिमत्ता म्हणजे एकच एक क्षमता नव्हे, तर परस्परांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र अशा अनेक क्षमता होत, असे प्रतिपादन करणारी उपपत्ती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर (जन्म १९४३) यांनी ती १९८३ मध्ये ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडली. भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक-गतिविषयक, आंतरव्यक्तिक (इतरांना समजून घेण्याची) आणि व्यक्तिअंतर्गत (स्वतःला ओळखण्याची) ही तिच्यातील मूळची सात नावे बी.एड.च्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. निसर्गविषयक ही आठवी बुद्धिमत्ता १९९५ च्या सुमारास जोडली गेली. तिचे सविस्तर विवेचन १९९९ च्या ग्रंथात असल्याने काही ठिकाणी तेच वर्ष दिलेले आढळते. अस्तित्वविषयक (जीवन-मृत्यूसारख्या मूलभूत प्रश्नांचा विचार करण्याच्या) बुद्धिमत्तेला गार्डनर यांनी पूर्ण मान्यता दिलेली नाही. ‘साडेआठ’ बुद्धिमत्ता असा उल्लेख त्यावरूनच रूढ झाला.

उपपत्तीच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सर्व मानसिक कार्यांमागे एक सामान्य घटक (‘जी’) गृहीत धरला. एल. एल. थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता सांगितल्या, तर जे. पी. गिलफर्ड यांनी १९६७ च्या ग्रंथात ही संख्या १२० वर नेली. त्यामुळे गार्डनर हे थर्स्टन यांचेच वारसदार ठरतात, असे एक मत आहे. सातचा आकडा दोन्हीकडे असल्याने ते पटकन पटते. पण पुराव्याचे स्वरूप पाहता ते फारसे टिकत नाही. थर्स्टन यांची सामग्री चाचण्यांतील गुण आणि त्यांचे घटक-विश्लेषण (गुणांच्या परस्परसंबंधांवरून त्यांमागील समान घटक शोधण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) ही होती. गार्डनर मात्र बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात वाचाघाताच्या (मेंदूच्या इजेने भाषाशक्ती बिघडलेल्या) रुग्णांचा अभ्यास करत होते. मेंदूच्या एका भागाला इजा झाली की एक क्षमता जाते आणि शेजारची शाबूत राहते, हे त्यांनी तेथे पाहिले. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. पक्षाघाताने त्यांची बोलण्याची व समजण्याची शक्ती खालावली, तरी ते संगीतरचना करत राहिले.

एखाद्या क्षमतेला ‘बुद्धिमत्ता’ म्हणण्यासाठी गार्डनर यांनी आठ निकष ठेवले. मेंदूतील इजेने ती वेगळी पडणे, बालप्रतिभावंतांत ती एकांगीपणे दिसणे, तिला स्वतःची चिन्हव्यवस्था असणे हे त्यांपैकी काही. मानसमितीचा, म्हणजे चाचण्यांद्वारे केलेल्या मानसिक मोजमापाचा, पुरावा हा त्यांतला केवळ एक. शिवाय जी क्षमता संस्कृतीला मोलाची वाटते तिचाच विचार करायचा, ही पूर्वअट. म्हणूनच कॅरोलाइन बेटांवरील पुलुवात लोकांची, होकायंत्राविना ताऱ्यांवरून होडी हाकण्याची विद्या त्यांच्या ग्रंथात भूमितीच्या बरोबरीने येते.

मुख्य आक्षेप मोजमापाचा आहे. बेथ व्हिसर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आठही क्षेत्रांच्या चाचण्या एकाच गटाला दिल्या. भाषिक, तार्किक, अवकाशीय आणि निसर्गविषयक चाचण्यांतील गुणांमागे सामान्य घटकाचाच मोठा वाटा आढळला. शारीरिक व सांगीतिक चाचण्या काहीशा वेगळ्या राहिल्या. पण त्यांना बुद्धिमत्ता म्हणावे की कौशल्य, हा जुना वाद तेथे पुन्हा उभा राहतो. जॉन कॅरोल यांची १९९३ ची त्रिस्तरीय रचना, म्हणजे वर सामान्य घटक आणि खाली विस्तृत व विशिष्ट क्षमता, उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते असे म्हणता येईल.

वर्गाध्यापनातील सर्वांत मोठा गोंधळ म्हणजे बहुविध बुद्धिमत्ता आणि दृक्-श्राव्य-कृतिशील अशा ‘अध्ययनशैली’ एकच समजणे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे खुद्द गार्डनर यांनी वारंवार बजावले आहे. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने अध्ययन सुधारते, या गृहीतकाला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी दाखवले. मुलावर ‘हा सांगीतिक’, ‘ही गणिती’ असे शिक्के मारणेही मूळ मांडणीत बसत नाही. तिचा रोख एकाच संकल्पनेकडे अनेक वाटांनी जाण्यावर आहे. उदाहरणार्थ, तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजताना चार-चारचे विभाग पाडले, की एक विभाग म्हणजे आवर्तनाचा (तालाच्या पूर्ण फेरीचा) पाव भाग आणि नवव्या मात्रेवरची ‘खाली’ (टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची जागा) म्हणजे अर्धे आवर्तन सरल्याची खूण, हे पाचवीच्या मुलाला टाळीवर कळते. येथे तालाची रचनाच अपूर्णांक शिकवते. पावकी-निमकी (पाव व अर्ध्याचे पाढे) चालीवर म्हणवून घेण्याचे तसे नाही. तेथे चाल ही पाठांतराची सोय असते. तिची उपयुक्तता वादातीत असली, तरी तिला सांगीतिक बुद्धिमत्तेचे अध्यापन म्हणणे ओढूनताणून होईल.

संपूर्ण शाळाच या तत्त्वावर उभारण्याचा पहिला प्रयत्न म्हणून अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘की स्कूल’चा उल्लेख केला जातो. ही शाळा २०१६ मध्ये बंद झाली.

महाराष्ट्रात बुद्धिमापनाची परंपरा याहून जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-श्रेणीचे (फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे) मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर १९४० च्या सुमारास ग्रंथरूपाने आले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत (स्थापना १९६२) पुढे गिलफर्ड यांच्या प्रतिमानावर काम झाले. गार्डनर यांचे नाव शिक्षक-प्रशिक्षणात बरेच नंतर रुळले. २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांच्या नोंदींना जागा मिळाली. तिची मुळे मात्र शिक्षण हक्क कायद्यात आहेत, या उपपत्तीत नव्हेत. बोटांच्या ठशांवरून मुलाच्या ‘आठ बुद्धिमत्ता’ सांगणाऱ्या खासगी चाचण्याही शहरांतून पालकांना विकल्या जातात. ठशांच्या रेषा गर्भावस्थेत तयार होतात हे खरे. पण त्यांवरून बुद्धिमत्ता ओळखता येते याला शास्त्रीय आधार नाही, आणि गार्डनर यांच्या आठ निकषांत अशा रेषांना कोठेही स्थान नाही.