मोतीबिंदूचा छेद आणि कॉर्नियाचा आकार

मोतीबिंदू निघाला, भिंग नीट बसलं, तरी चष्म्यात सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेत शक्ती असलेल्या काचेचा, नंबर उरतो. खापर सहसा भिंगावर फुटतं, पण कारण पुष्कळदा छेदात असतं. डोळ्याच्या एकूण शक्तीचा जवळपास दोन तृतीयांश वाटा, म्हणजे साधारण ४३ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचं एकक), कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा. त्याची गोलाई एका दिशेने जरी थोडी बदलली, तरी अक्षरं ओढल्यासारखी दिसतात.

सुईने मोतीबिंदू आत ढकलून देण्याच्या जुन्या पद्धतीत हा प्रश्न फारसा नव्हता. तिचे धोके मोठे होते, पण कॉर्निया कापला जात नसे. फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये मोतीबिंदू बाहेर काढला, तो कॉर्नियाच्या खालच्या कडेला रुंद छेद घेऊन. शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया वाकडा होतो, हे एकोणिसाव्या शतकात ध्यानात आलं. जास्त बाक असलेल्या दिशेवर छेद घ्यावा, असं डच नेत्रतज्ज्ञ स्नेलन यांनी १८६९ मध्येच सुचवलं होतं.

बाक मोजण्याची साधनंही त्याच सुमाराची. १८८० मध्ये पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक तबकडी केली. मधल्या भोकातून पाहिलं की वर्तुळांचं प्रतिबिंब कॉर्नियावर दिसतं. जिथे कडा जवळ येतात तिथे बाक जास्त, जिथे फाकतात तिथे कॉर्निया सपाट. आजचे रंगीत नकाशे काढणारी बरीच यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

विसाव्या शतकात १० ते १२ मिलिमीटरचा छेद आणि नायलॉनचे टाके रूढ झाले. टाका घट्ट बसला की त्या दिशेचा बाक वाढे, काढला की उतरे. त्यामुळे नंबर कित्येक महिने स्थिरावत नसे. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ केलमन यांनी १९६७ मध्ये फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत, आणलं आणि छेद सुमारे ३ मिलिमीटरवर आला. गंमत म्हणजे भिंग कडक असल्याने ते बसवायला तोच छेद पुन्हा मोठा करावा लागे. लहान छेदातून आत जाणारं घडीचं भिंग १९८०च्या दशकात आलं.

महागड्या यंत्राशिवाय लहान छेदाचा फायदा मिळवून दिला तो बिनटाक्याच्या बोगद्याने. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कॉर्नियाच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे, अर्ध्या जाडीपर्यंत ६ ते ७ मिलिमीटरचा छेद घेतात. तिथून पदर सोडवत कॉर्नियात शिरतात. आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवतात. डोळ्यातला दाब आतला ओठ दाबून धरतो, म्हणून टाका लागत नाही. छेदाची टोकं कॉर्नियापासून दूर वळवली, तर कॉर्निया आणखी कमी सपाट होतो. नेपाळमध्ये ‘लहान’ नावाच्या गावी आणि काठमांडू इथे ही पद्धत हजारो डोळ्यांवर घासूनपुसून पक्की झाली. तिथल्याच २००७च्या तुलनात्मक अभ्यासात सहा महिन्यांनंतर, चष्म्यासह ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली नजर मिळालेल्यांचं प्रमाण फेको आणि बोगदा दोन्हींत ९८ टक्के होतं.

तरीही छेद घेतलेल्या दिशेला कॉर्निया थोडा सपाट होतोच. वरून छेद घेतला तर उभा बाक उतरतो. उतारवयात तो मुळातच उतरत असतो, म्हणजे नंबरात भरच. कानाच्या बाजूने घेतला तर छेद बाहुलीच्या मध्यापासून जास्त दूर राहतो आणि पापणीचा ताणही पडत नाही. मग वरूनच छेद घेण्याचा प्रघात इतका का टिकला? बहुतेक सवयीमुळे, आणि वरची पापणी जखम झाकते म्हणूनही. चष्म्याचा पक्का नंबर मात्र साधारण सहा आठवड्यांनी, बाक स्थिरावल्यावरच काढतात.