फ्रीटाऊनवरचा हल्ला : ६ जानेवारी १९९९ची पूर्वपीठिका

६ जानेवारी १९९९च्या पहाटे बंडखोर सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये शिरले. वेलिंग्टन, किसी या पूर्वेकडच्या वस्त्यांतून, जीव मुठीत धरून पळणाऱ्या लोकांना पुढे घालून ते आले. त्यांनी पाडेम्बा रोडचा तुरुंग फोडला आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा ताबा घेतला. पुढच्या तीनेक आठवड्यांत हजारो नागरिक मारले गेले. कितीतरी जणांचे हात तोडले गेले, मुलामुलींना पळवून नेण्यात आले, पूर्व भागातली घरे जाळली गेली. हा हल्ला सर्रास ‘आरयूएफ’ (रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट) या बंडखोर संघटनेच्या खात्यावर टाकला जातो. पण शहरात घुसलेल्या फौजेचा कणा देशाच्याच जुन्या लष्कराचा होता.

युद्ध सुरू झाले ते मार्च १९९१मध्ये. माजी कॉर्पोरल फोडे सांको याची आरयूएफ शेजारच्या लायबेरियातून, तिथला बंडखोर नेता चार्ल्स टेलर याच्या पाठबळावर, पूर्व सीमा ओलांडून आली. तिच्याशी लढणाऱ्या सैनिकांचे हाल होते. वर्षभरात त्यांच्यातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता उलथवली आणि पंचविशीतला व्हॅलेंटाइन स्ट्रासर राष्ट्रप्रमुख झाला. तरीही शिस्त आली नाही. दिवसा सैनिक आणि रात्री बंडखोर, अशी माणसे गावे लुटू लागली. कोनोच्या हिऱ्यांच्या खाणी दोन्ही बाजूंना हव्या होत्या. १९९५मध्ये सरकारला दक्षिण आफ्रिकेतली भाडोत्री सैन्याची कंपनी आणावी लागली, यातच राष्ट्रीय लष्कराची पत कळते.

१९९६मध्ये निवडणुकीतून अहमद तेजान कब्बा सत्तेवर आले. त्यांचा भरवसा लष्करापेक्षा ‘कामाजोर’ या पारंपरिक शिकाऱ्यांच्या दलावर अधिक होता. २५ मे १९९७ला सैनिकांनी पुन्हा बंड केले, जॉनी पॉल कोरोमाला नेता केले आणि ज्या आरयूएफशी सहा वर्षे लढले तिलाच राजधानीत बोलावले. फेब्रुवारी १९९८मध्ये नायजेरियाच्या नेतृत्वाखालील पश्चिम आफ्रिकी फौजेने, म्हणजे इकोमोगने, त्यांना हुसकावले आणि कब्बा परतले.

माझ्या मते हल्ल्याची बीजे त्यानंतरच्या महिन्यांत आहेत. हजारो सैनिक शस्त्रांसह रानात होते. देशाच्या सेनाप्रमुखपदी मॅक्सवेल खोबे या नायजेरियन अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १९ ऑक्टोबर १९९८ रोजी बंडाबद्दल २४ सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच आठवड्यात सांकोला फाशीची शिक्षा सुनावली गेली. रानातल्या माणसांना परतीची वाट उरली नाही. त्यांनी पुढे जे केले त्याचे समर्थन यातून होत नाही, होऊही नये. पण त्यांचा रोख फ्रीटाऊनवर का होता, ते यातून कळते.

डिसेंबरमध्ये सॅम बोकारीच्या हुकमतीखाली आरयूएफने कोनो आणि मग मकेनी घेतले. उत्तरेकडून जुन्या लष्करातला अधिकारी एसएजे मुसा जुन्या सैनिकांना घेऊन निघाला होता. त्याचे बोकारीशी पटत नव्हते. आरयूएफच्या आधी फ्रीटाऊन गाठून लष्कराला त्याची जागा परत मिळवून द्यायची, हा त्याचा हट्ट होता. २३ डिसेंबरला राजधानीजवळच्या बेंग्वेमा तळावर दारूगोळ्याच्या स्फोटात तो मेला. सूत्रे त्याच गटातल्या ॲलेक्स तांबा ब्रिमाकडे गेली. बोकारी रेडिओवरून गर्जत राहिला, पण त्याची कुमक राजधानीबाहेरच्या वॉटर्लू गावापुढे फारशी पोचली नाही. पश्चिम फ्रीटाऊन वाचले, कारण इकोमोगने काँगो क्रॉसचा पूल धरून ठेवला. मात्र त्याच इकोमोगच्या सैनिकांनी संशयावरून कितीतरी जणांना जागीच ठार केले.

राजधानीची ही अवस्था पाहून मित्रराष्ट्रांनी कब्बांना वाटाघाटीला बसवले. जुलै १९९९च्या लोमे करारात सर्वांना माफी मिळाली. सांकोला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिजांवरच्या आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. या कराराच्या अंमलबजावणीसाठी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख होते भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली. मे २०००मध्ये आरयूएफने सुमारे ५०० शांतिसैनिक पकडले. पूर्वेकडच्या कैलाहून गावी वेढले गेलेले भारतीय जवान अडीच महिन्यांनी, ‘ऑपरेशन खुकरी’तून सुटले.

पुढे या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने ब्रिमासह जुन्या लष्करी गटाच्या तिघांना २००७मध्ये दोषी ठरवले आणि ब्रिमाला ५० वर्षांची कैद झाली. आरयूएफच्या नेत्यांना इतर गुन्ह्यांसाठी शिक्षा झाल्या, पण फ्रीटाऊनमधल्या अत्याचारांची जबाबदारी त्यांच्यावर सिद्ध झाली नाही. टेलरलाही २०१२मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली.