कापराची गिरकी आणि पळणारे थेंब

गणपती गेले की आमच्याकडे बेळगावात घरोघरी कापराच्या डबीत चार-दोन वड्या उरतात. एक वडी चुरून परातीतल्या पाण्यावर टाकली की खडे आपोआप गरगरतात, हा पोरांचा जुना खेळ. खानापूर भागातल्या एका शाळेत मी तो करून दाखवायला गेलो आणि फजिती झाली. पहिला खडा दोन गिरक्या घेऊन थांबला, दुसरा हललाच नाही. "सर, हे चालेना की!" पुढच्या बाकावरून आवाज आला. परात पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून आणलेली, आणि माझ्या बोटांना सकाळचं खोबरेल. एवढं तेल पुरतं. या विषयाच्या इतिहासातही हा तेलकटपणा पुन्हा पुन्हा आडवा येतो.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. 20 अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 73 मिलिन्यूटन, तर अल्कोहोलचा जेमतेम 22. एका बाजूला ताण कमी झाला की दुसरी बाजू ओढून नेते. कापूर विरघळतो तिथला ताण उतरतो, खडा वेडावाकडा असल्याने सगळीकडून सारखा विरघळत नाही, म्हणून तो पळतो. शीर्षकातल्या पळणाऱ्या थेंबांचं इंजिनही हेच.

हे कारण 1855 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मांडलं. दारूच्या पेल्याच्या कडेवर पातळ थर चढतो आणि थेंब होऊन खाली ओघळतो, त्याचा उलगडा त्यांनी केला. थरातलं अल्कोहोल आधी उडतं, तिथला ताण वाढतो, आणि तो खालून आणखी द्रव वर ओढतो. थॉमसन म्हणजे लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ. पण या ओढीच्या परिणामाला नाव लागलं ते कार्लो मारांगोनी यांचं. त्यांनी 1865 मध्ये पाविया विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला आणि पुढे आयुष्यभर फ्लोरेन्सच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. शाळामास्तराचं नाव परिणामाला चिकटलं, याचा मला थोडा जातभाईचा आनंद आहे!

माझी फजिती मात्र इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1890 मध्ये मोजून ठेवली होती. 84 सेंटिमीटर व्यासाच्या टबात पाणी भरून, किती ऑलिव्ह तेल टाकलं की कापूर थांबतो, हे त्यांनी पाहिलं. उत्तर आलं सुमारे 0.8 मिलिग्रॅम. एवढं तेल सगळ्या टबभर पसरलं तर थराची जाडी साधारण 1.6 नॅनोमीटर, म्हणजे जवळपास एका रेणूएवढी. तेलाने सगळीकडचा ताण आधीच उतरवून ठेवलेला. मग कापराने कुठे ओढ निर्माण करायची?

पुढच्याच वर्षी रॅलेंना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून एका बाईंचं पत्र आलं. आग्नेस पोकेल्स. मुलींना विद्यापीठाची दारं बंद, घरी आजारी आईवडील. त्यामुळे अभ्यास चालला तो स्वयंपाकघरात. पत्र्याच्या उथळ पसरट भांड्यात पाणी, त्यावर आडवी पट्टी. पट्टी सरकवून पृष्ठभागावरची घाण एका बाजूला लोटायची आणि उरलेल्या स्वच्छ पाण्याचा ताण मोजायचा. पृष्ठभाग 'स्वच्छ' कसा करायचा, हा मोठमोठ्यांना छळणारा प्रश्न त्यांनी असा सोडवला. रॅलेंनी ते पत्र 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आणलं, तारीख 12 मार्च 1891.

इथवर सगळं पाण्यावर. कोरड्या पृष्ठभागावर थेंब पळवायला शंभर वर्षं गेली. 1992 मध्ये मनोज चौधरी आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी सिलिकॉनच्या चकतीवर रासायनिक थर असा चढवला की एका टोकाला पाणी चिकटेना आणि दुसऱ्या टोकाकडे ते जास्तीत जास्त पसरावं. त्यावर पाण्याचा थेंब चक्क चढण चढून गेला.

2015 चा प्रयोग त्याहून घरगुती. मूळचे मेरठचे मनू प्रकाश अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत. त्यांचे सहकारी नेट सीरा यांना विद्यार्थी असतानाच खाण्याच्या रंगाचे थेंब काचेवर एकमेकांकडे धावताना दिसले होते. अशा रंगात पाण्याबरोबर प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा द्रव असतो. थेंबाच्या कडेचं पाणी भरभर उडतं आणि तिथला ताण उतरतो, पण शेजारी दुसरा थेंब असेल तर त्या बाजूची हवा दमट, तिथलं पाणी कमी उडतं, ताण जास्त राहतो आणि थेंब तिकडेच ओढला जातो. पुडीतल्या रंगाची पावडर नुसत्या पाण्यात कालवून मात्र हे होत नाही. दोन द्रव हवेत. आणि काच ज्योतीवर तापवून निर्मळ केलेली हवी. पुन्हा तेच!

शाळेत शेवटी खडे पळाले ते परातीत नव्हे, काचेच्या बशीत. सोड्याने घासून दहा वेळा पाणी बदललं तेव्हा. मग त्याच पुढच्या बाकावरच्या पोरानं केसांतून हात फिरवला, बोट पाण्यात बुडवलं, आणि सगळे खडे जागच्या जागी थांबले.