इरेबस हिमजिव्हा

अंटार्क्टिकातील रॉस बेटाच्या किनाऱ्यावरून मॅकमर्डो साउंड या सामुद्रधुनीसारख्या आखातात घुसलेला, पाण्यावर तरंगणारा हिमनदीचा लांबट भाग. स्थान सुमारे ७७° ४२′ द., १६६° ४०′ पू. इरेबस (३,७९४ मी.) या जागृत ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरचा बर्फ इरेबस हिमनदीतून पश्चिमेला समुद्राकडे उतरतो. किनाऱ्यापुढे खडकाचा आधार सुटतो, तरी बर्फ अखंडच पुढे सरकत राहतो. आधार सुटतो तिथे त्याची जाडी सुमारे ३०० मी., टोकाशी ५० मी. जाडीचा दहावा हिस्साच पाण्यावर दिसतो. त्यामुळे टोकाकडची कड जेमतेम दुमजली घराएवढी भरते.

ज्वालामुखीला १८४१ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसने आपल्या जहाजाचे नाव दिले. हिमनदीचे नाव आणि जिव्हेचा नकाशा मात्र ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या डिस्कव्हरी मोहिमेतले (१९०१–०४). स्कॉट पुन्हा आला तेव्हा, जानेवारी १९११ मध्ये, टेरा नोव्हा जहाज या बर्फाच्या कडेलाच धक्क्यासारखे लावले होते. वर तट्टांसाठी चारा ठेवला, वाट दाखवायला खुंट्या रोवल्या. मार्चमध्ये तो तुकडा तुटून वाहून गेला आणि त्याच वर्षी साउंडच्या पश्चिम बाजूस, साधारण ४० मैलांवर रुतलेला सापडला. चारा आणि खुंट्या वर तशाच होत्या!

लांबी ११–१२ किमी. अशी छापली जाते. पण वर्ष सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. जिव्हा वर्षाला सुमारे १५० मी. वाढते. मार्च १९९० मध्ये साडेतीन किमी. टोक गेले, म्हणजे तेवीसेक वर्षांची वाढ एका फटक्यात. २०१३ मध्ये टोक पुन्हा तुटले.

तुटण्याची वेळ उन्हाळ्याच्या (दक्षिण गोलार्धात तो मार्चच्या सुमारास संपतो) अखेरीस येते, हा योगायोग नव्हे. एरवी भोवतीचा गोठलेला समुद्र जिव्हेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो आणि लाटा अडवतो. तो फुटला की वादळी लाटा थेट पोहोचतात, जिव्हा वाकू लागते. मोकळे पाणी कडाही पोखरते. दोन्ही कडांना आलेले करवतीसारखे दाते आणि आतल्या निळ्या गुहा त्यामुळेच.

जिव्हेजवळच्या समुद्रबर्फात दरवर्षी जवळपास त्याच जागी भेगा पडतात, विशेषतः टोकापासून. वरचा भुसभुशीत बर्फ भेग झाकतो, म्हणून गाडीने समुद्रबर्फ ओलांडताना नुसत्या नजरेवर विसंबू नये. आधी फावड्याने बर्फ बाजूला सारून भेगेच्या दोन्ही कडा उघड्या कराव्यात. मग आडव्या रेषेत ठिकठिकाणी ड्रिलने भोके पाडून फितीने जाडी मोजावी. भेगेच्या मधोमध नव्याने गोठलेला थर सर्वांत पातळ असतो. गाडी अडकते ती तिथेच.