बेड कमी करायची तारीख दर वेळी का हुकते? इंग्लंडमधली पार्श्वभूमी

लर्निंग डिसॅबिलिटी किंवा ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्यांना इंग्लंडमध्ये ज्या हॉस्पिटलांत ठेवतात, तिथले बेड कमी करायच्या तारखांची ही गोष्ट. आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे शाळेत एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, म्हटलं की डिस्लेक्सिया वगैरे, पण इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक अक्षमता, ज्यांना आपल्याकडे अजूनही मतिमंद म्हणतात ते लोक.

तर अशा माणसांना मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर ठेवायची तिकडे जुनी पद्धत. 1967 ला शेजारच्या वेल्समधल्या कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधली मारहाण पेपरात आली, चौकशी झाली आणि 1971 ला सरकारने ठरवलं की हॉस्पिटलमधल्या जागा वीसेक वर्षांत निम्म्या करायच्या. ती हॉस्पिटलं हळूहळू बंद झालीही, पण मग छोटी प्रायव्हेट युनिट्स आली. त्यातलंच ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू, 24 बेड, माणशी आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड, आणि हा पैसा सरकारी. मे 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यात दिसलं की एका मुलीला कपड्यांसकट शॉवरखाली धरलंय आणि तशीच ओली थंडीत बाहेर ठेवलीये. एका नर्सने आधीच तक्रार केली होती, कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली.

सरकारने शब्द दिला, उगाच अडकवलेले सगळे जून 2014 पर्यंत बाहेर. हुकला. मग मार्च 2019 पर्यंत 35 ते 50 टक्के बेड कमी, तेही हुकलं. मग मार्च 2024 पर्यंत 2015 च्या निम्मे, तरी जवळपास 2,000 लोक आतच, आणि त्यात ऑटिझमवाल्यांचं प्रमाण उलट वाढलेलं.

मधल्या काळात, 2013 मध्ये, ऑक्सफर्डच्या एका सरकारी युनिटमध्ये 18 वर्षांचा मुलगा 107 दिवस होता. त्याला फिट्स येतात हे आईने सांगितलेलं, तरी आंघोळीच्या टबमध्ये त्याला एकटं सोडलं आणि तो बुडाला. हे वाचून मला अजूनही गलबलतं.

माझ्या मते खरी गाठ पैशात आहे. हॉस्पिटलचा खर्च आरोग्य खात्याचा, पण माणूस बाहेर आला की घर आणि मदतनीस बघायचे बरेचसे काउन्सिलने (आपल्याकडच्या पालिकेसारखी स्थानिक संस्था), आणि तिथे पैसा कमी, ट्रेन केलेली माणसं त्याहून कमी, मग बाहेर जायला तयार असूनही माणूस आतच राहतो कारण जायला जागाच नाही.

कायदाही आड येत होता, 1983 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, ज्याखाली माणसाला मनाविरुद्ध हॉस्पिटलात ठेवता येतं, ऑटिझम मानसिक आजारातच धरलेला. नोव्हेंबर 2024 मध्ये संसदेत आलेल्या बिलात म्हटलं की फक्त ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता आहे म्हणून उपचारासाठी कोणाला लांबलचक डांबून ठेवता येणार नाही, तपासणीसाठी 28 दिवसांपर्यंत मात्र ठेवता येईल. पण हे कलम लागू कधी, तर बाहेरची व्यवस्था पुरेशी उभी राहिल्यावर.