पांढऱ्या पेशी जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त?

‘रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिकारशक्ती भक्कम’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. ऐकायला पटतो, पण तो खरा नाही.

मोठ्यांमध्ये हा आकडा साधारणपणे एका मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० असतो. संसर्ग झाला की तो बऱ्याचदा वाढतो. काही रक्ताच्या कर्करोगांत तर लाखाच्या पुढे जातो, आणि तरीही रुग्णाला जंतुसंसर्ग पटकन होतो, कारण त्यातल्या बऱ्याच पेशी कामाच्याच नसतात.

शिवाय पांढऱ्या पेशी ही एकच जात नव्हे. रिपोर्टमध्ये एकूण आकड्याखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे प्रकारांची टक्केवारी दिलेली असते, ती पाहा. लिम्फोसाइटमध्येही पुन्हा प्रकार आहेत. टी आणि बी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारख्याच दिसतात. त्या ओळखायच्या त्यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून: टी पेशींवर सीडी३, बी पेशींवर सीडी१९. टी पेशींतल्या मदतनीस पेशींवर सीडी४, मारक पेशींवर सीडी८. फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखण्याच्या तपासणीत या प्रथिनांना चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळतात. मग एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि कोणता रंग चमकला ते यंत्र टिपते. एका खुणेवर मात्र विसंबता येत नाही. सीडी४ थोड्या प्रमाणात मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही असते, म्हणून सोबत सीडी३ पाहतात.

एचआयव्हीच्या संसर्गात एकूण आकडा ठीकठाक असूनही सीडी४ पेशी (म्हणजे मदतनीस टी पेशी) घटलेल्या असू शकतात. म्हणूनच तिथे डॉक्टर त्या वेगळ्या मोजायला सांगतात.