फुकुओकाच्या याताई बेकायदा नाहीत

जपानमधल्या फुकुओकाच्या नाकासु, तेन्जिन, नागाहामा भागांत संध्याकाळी फुटपाथवर याताई, म्हणजे खाण्याच्या फिरत्या टपऱ्या, उभ्या राहतात. आठ-दहा जण खेटून बसतील एवढीच जागा. त्यांच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो: या बेकायदा टपऱ्या, परवाना नाही, भाव मालकाच्या मर्जीचा.

हे खरं नाही. फुकुओका महापालिकेने 2013 साली याताईंसाठी खास नियमावली केली, जपानमधली अशी पहिलीच. जागा ठरलेली, परवाना बंधनकारक, दरपत्रक दिसेल असं लावायचं. कच्चे पदार्थ विकायला मनाई आहे, म्हणून साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, तिथे मिळत नाही. ओदेन (रश्शात उकळलेले पदार्थ), याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन), रामेन (रश्शातल्या नूडल्स) मिळतं, सगळं शिजवलेलं. रात्र सरायच्या आत गाडा हटवून फुटपाथ मोकळा करावा लागतो.

समजाला थोडं कारण होतंच. पूर्वी काही ठिकाणी दर लिहिलेले नसत, सांडपाण्याच्याही तक्रारी होत्या. शिवाय परवाना जोडीदाराला किंवा मुलांनाच देता येई, त्यामुळे याताई कमी होत चालल्या. आता पालिका अर्ज मागवून नवे चालक निवडते. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण पालिकेला त्या सहज संपू देता आल्या असत्या.

जाल तेव्हा दरपत्रक बघा, निदान एक पदार्थ मागवा आणि मागे लोक ताटकळत असतील तर फार वेळ बसू नका.